मोटेची शेवटची सभा

माईक हातात घेतला आणि सवयीने समोर पाहिलं. समोर तीनशे खुर्च्या होत्या, लाल आणि निळ्या, एकीला एक लावून मांडलेल्या. त्यातल्या एका लाल खुर्चीवर एक कुत्रं पाय पसरून झोपलं होतं. बाकीच्या रिकाम्या होत्या. मग मी मागे वळून पाहिलं. मागे व्यासपीठावर पाय ठेवायला जागा नव्हती.

"बोला की ताई," शिवलिंग तोडकर म्हणाले. ते आमचे तालुका उपाध्यक्ष. "गर्दी जमलीया."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गर्दी खरोखरच जमली होती, फक्त ती सगळी आमच्या बाजूला जमली होती. चाळीसेक माणसं फेटे बांधून, छातीला बिल्ले लावून, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. ज्यांना खुर्ची मिळाली नाही ते मागे पडद्याला टेकून उभे होते. पण खाली उतरून बसायची कुणाची तयारी नव्हती.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. सोनवडीत तेव्हा माझं साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं दुकान होतं आणि उरलेल्या वेळात मी सूत्रसंचालन करायचे. लग्न असो, बारसं असो, नाहीतर शोकसभा असो, माझा आवाज सगळ्यांना चालायचा. समस्त प्रजा पक्षाची तर एकही सभा माझ्याशिवाय झाली नाही. त्या पक्षाचं नाव कुणी घ्यायचं नाही, सगळे त्याला 'मोट' म्हणायचे, कारण चिन्ह मोट होतं. बाप मोटेत, पोरगा मोटेत, सून माहेरून येताना मोटेतूनच यायची. आमदार मोटेचा, दूध संघ मोटेचा, साखर कारखाना मोटेचा. माझ्या लहानपणी सभा असली की लोक समोरच्या चिंचेवर चढून बसायचे आणि दरवेळी एखादी फांदी मोडायची.

तालुकाध्यक्ष होते विश्वनाथराव डुबल. सगळे त्यांना नाना म्हणायचे. माझ्या वडिलांचे ते दोस्त. मी कॉलेजात असताना एका सभेत ठरलेला माणूस आलाच नाही, तेव्हा नानांनी मला पुढच्या रांगेतून उठवलं आणि माईक हातात दिला. पोरीचा आवाज खणखणीत आहे, घाबरायचं काय त्यात, एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी बोलतेच आहे.

लोकांना वाटतं, सूत्रसंचालकाचं काम बोलणं. ते खरं नाही. त्याचं काम नावं घेणं. व्यासपीठावरच्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं, पदासकट घ्यायचं आणि ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे घ्यायचं. इथे चूक झाली तर पक्ष फुटतो. मी चेष्टा करत नाही. गणपतराव काळभोरांचं नाव मी त्यांच्या चुलतभावानंतर घेतलं म्हणून गणपतराव पक्ष सोडून गेले. पुढच्या सभेत मी आधी घेतलं, तर चुलतभाऊ गेला. वाऱ्याने माईक खरखरला आणि एका सरपंचाचं नाव ऐकू आलं नाही, तर तो सरपंच बारा माणसं घेऊन पलीकडच्या पक्षात दाखल झाला.

पक्षाला उतरती कळा लागली तेव्हा मुंबईच्या पेपरांनी मोठीमोठी कारणं दिली. लाट आली, पिढी बदलली, नेतृत्व चुकलं. असेलही तसं. आमच्या तालुक्यात मात्र जो तो रुसून गेला.

नानांनी त्यावर एक औषध काढलं होतं. रुसला की पद. उपाध्यक्ष झाले, चिटणीस झाले, सहचिटणीस झाले, संघटक आणि सहसंघटक झाले. पदं संपली तेव्हा नानांनी कायम निमंत्रित आणि विशेष निमंत्रित काढले. दोघांत फरक काय, असं मी एकदा विचारलं.

"कायमवाला कधीच येत न्हाई," नाना म्हणाले, "आन विशेषवाला जेवायच्या टायमाला येतो."

या औषधाने माणसं टिकली, हे खरं. पण होता होता पक्षात उरलेल्या प्रत्येकाकडे काही ना काही पद आलं. आणि मोटेत रीत अशी, की पदाधिकाऱ्याने व्यासपीठावर बसायचं. पदाधिकारी खाली बसलेला दिसला की त्याचं पद गेलं असं गावाने समजायचं. ही रीतसुद्धा नानांनीच घातलेली, चांगल्या दिवसांत, जेव्हा वर बसायला धक्काबुक्की व्हायची.

त्या दिवशीची सभा साधी नव्हती. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. पक्षाने मुंबईत कुणाशीतरी युती केली होती आणि कुठली जागा कुणी लढवायची याची ओढाताण चालली होती. नवे प्रदेशाध्यक्ष यशोधन सरनाईक तालुक्या-तालुक्यात फिरून ताकद बघणार होते. माणसं दिसली तर जागा मोटेला, नाही दिसली तर मित्रपक्षाला.

सभेच्या दोन दिवस आधी नाना माझ्या दुकानात येऊन बसले होते. मी मशीनवर होते, ते समोरच्या स्टुलावर. मग म्हणाले, "हेमा, मला आमदारकी नको. उमेदवार कुनीबी दे म्हनावं, दगड दे. पडला तरी चालंल. पर यंत्रावर मोट पायजे."

मी म्हटलं, पडणारच असेल तर असली काय आणि नसली काय.

नाना रागावले नाहीत. ते म्हणाले, "आमच्या बापानं पयलं मत मोटेला दिलं, मीबी तिलाच दिलं. दुसरीकडं बोट कसं ठेवायचं ती सवय न्हाई गं. ह्या वयात कुठं शिकू?"

हे त्यांनी हसत सांगितलं, पण मला काही हसू आलं नाही. मी फॉलचा धागा तोडला आणि म्हटलं, सभा करू या, मी आहे.

म्हणून सभा. बाजारच्या दिवशी ठेवली, म्हणजे खेड्यापाड्यातली माणसं गावात असतील. मंडप लालाभाई मुजावरांचा. नानांनी पाचशे खुर्च्या सांगितल्या होत्या, लालाभाईंनी तीनशेच आणल्या आणि बाकीच्या मागाहून येतायत असं सांगितलं. त्या कुठून येणार नव्हत्याच. नानांचं हसं होऊ नये म्हणून लालाभाई खोटं बोलत होते आणि नानांना ते कळत होतं.

साहेबांची गाडी दहा मिनिटांवर आली असा निरोप आला तेव्हा नाना उठले. पांढरं धोतर, भगवा फेटा, छातीवर ताटलीएवढा बिल्ला. त्यांनी व्यासपीठावरच्या मंडळींना हात जोडले आणि सांगितलं की निम्म्या लोकांनी खाली जाऊन बसावं, पुढच्या दोन रांगा तरी भरलेल्या दिसू देत, सभा संपली की पुन्हा सगळ्यांनी वर यावं, फोटो वरच काढू.

कुणी हललं नाही. शिवलिंग तोडकर म्हणाले, मी उतरलो असतो, पण मी उपाध्यक्ष आहे, सुरुवात खालच्या पदापासून व्हावी. सहसंघटक म्हणाले, संघटक उतरत असतील तर मीही उतरतो. संघटकांना त्याच वेळी खोकला लागला. युवक आघाडीचे अध्यक्ष दत्ताजीराव, वय वर्षे चोपन्न, म्हणाले की गुडघ्याने एकदा चढू दिलंय, उतरायचं काम त्याच्याकडून होणार नाही. महिला आघाडीच्या अध्यक्षा कौसल्यावहिनींनी तयारी दाखवली, पण एकटी बाई तीनशे खुर्च्यांत बसलेली बरी दिसत नाही, सोबतीला कुणी महिला द्या, असं त्यांचं म्हणणं पडलं. आता महिला आघाडीत त्या एकट्याच होत्या. अध्यक्षा त्याच आणि आघाडीही त्याच.

"एक दिवस पद इसरा रं," नाना म्हणाले.

"नाना, पद सोडून आमच्याकडं दुसरं हाय काय?" दत्ताजीराव म्हणाले. त्यांनी ते भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. खरंच विचारलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी माईक घेतला आणि कर्ण्याचं तोंड बाजाराकडे करायला लालाभाईंना खूण केली. मग मी माझ्या आवाजातला सगळा गोडवा काढला. मंडपात गार सावली आहे, माठात थंड पाणी आहे, बाजार करून दमलेल्या माता-भगिनींनी दोन मिनिटं टेकावं. बाजारातली माणसं कर्ण्याकडे बघायची आणि पुन्हा कोथिंबिरीचा भाव करायला लागायची. पंधरा वर्षांपूर्वी याच माणसांनी चिंचेच्या फांद्या मोडल्या होत्या.

शेवटी एक म्हातारा आला. खांद्यावर कांद्याचं पोतं. सावली बघून आला, पोतं खुर्चीला टेकवलं, माठातलं पाणी प्याला आणि तिसऱ्या रांगेत बसला. व्यासपीठावर एकदम जिवंतपणा आला. चाळीस माणसं त्याच्याकडे टक लावून बघायला लागली. म्हातारा बिचकला.

नाना मला हळूच म्हणाले, त्याला बसू दे, काही बोलू नको. पण शिवलिंगरावांना दम निघेना. ते मोठ्याने म्हणाले, "जनता यायला लागली. करा स्वागत." आणि कुणाला काही कळायच्या आत सहचिटणीस आणि सहसंघटक दोन्ही बाजूंनी उतरले, म्हाताऱ्याला बखोटीला धरून वर आणलं, त्याच्या अंगावर शाल घातली आणि पक्षात प्रवेश दिला. जाहीर प्रवेश झाल्यावर मोकळ्या हाताने कसं सोडायचं, म्हणून विशेष निमंत्रित केलं. मागे उभं राहायला जागा करून दिली. पोतं तेवढं खाली राहिलं. म्हातारा दर मिनिटाला वाकून पोत्याकडे बघत होता.

मला हसू आवरेना. नानांकडे पाहिलं तर तेही हसत होते, पण डोळ्यांत पाणी होतं. दोन्ही एकदम होतं, अमुकच म्हणून सांगता येणार नाही.

तेवढ्यात कोपऱ्यावर गाड्या वाजल्या. पूर्वी वीस-वीस गाड्या यायच्या, त्या दिवशी दोन आल्या. नाना उठले. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून माझ्या टेबलावर ठेवला, बिल्ला काढून फेट्यात ठेवला आणि पायऱ्यांकडे निघाले.

"नाना, कुठं?" मी विचारलं.

"खाली. कुनीतरी ऐकाया पायजे का न्हाई?"

मी म्हटलं, तुम्ही अध्यक्ष आहात, स्वागत कोण करणार?

"स्वागताला चाळीस हायती," नाना म्हणाले. "माझं नाव घिऊ नगं. सभा रेट."

ते खाली गेले. दुसऱ्या रांगेत मधोमध बसले. धोतर नीट केलं, हात गुडघ्यावर ठेवले. झोपलेल्या कुत्र्याने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि ते उतरून निघून गेलं. नाना उठले त्या क्षणी शिवलिंगराव सरकून त्यांच्या खुर्चीत बसले होते. इतक्या सहजपणे, की मला वाटतं, मनातल्या मनात त्यांनी हे पूर्वी पुष्कळदा केलं असावं.

सरनाईक साहेब वर आले. गोरेपान, चाळिशीचे, इस्त्रीचा कुर्ता. सहा वर्षांत हे आमचे चौथे प्रदेशाध्यक्ष आणि तेही वर्षापूर्वी दुसऱ्याच पक्षातून आलेले. आमच्या तालुक्यात त्यांचा पाय पहिल्यांदाच लागत होता. मंडपाच्या दाराशी नानांचा फोटो होता, पण तो वीस वर्षांपूर्वीचा, फेट्यातला आणि झुबकेदार मिशांचा. खाली बोडक्या डोक्याने बसलेल्या म्हाताऱ्याशी तो जुळवायचा तर ओळखीच्या माणसालाही जड गेलं असतं. साहेबांनी अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या शिवलिंगरावांना मिठी मारली आणि तुमच्याबद्दल फार ऐकलंय असं सांगितलं. शिवलिंगरावांनी मान लववली. मी चाळीस नावं घेतली. कधी नव्हे ती एकही चूक केली नाही.

साहेबांच्या सेक्रेटरीने भाषण लिहून आणलं होतं. साहेब उभे राहिले, कागद समोर धरला आणि म्हणाले, "समोर जमलेला हा अथांग जनसमुदाय पाहून माझं मन भरून आलं आहे." मग त्यांनी मान वर केली. जनसमुदायाने त्यांना नमस्कार केला. साहेबांनीही केला आणि पुन्हा कागदात तोंड घातलं.

भाषण पाऊण तास चाललं. व्यापक ध्येय, काळाची गरज, त्यागाची परंपरा. प्रत्येक वाक्यानंतर साहेब थांबायचे आणि व्यासपीठ टाळ्या वाजवायचं. वक्त्याला टाळ्या पाठीमागून ऐकू यायच्या, त्यामुळे ते दरवेळी दचकायचे. नाना पुढे वाकून प्रत्येक शब्द ऐकत होते. मी इतक्या सभा केल्या, पण इतक्या मन लावून ऐकणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. मोट हा शब्द अजून आला नव्हता, तो येण्याची ते वाट बघत होते.

तो आलाच नाही. साहेबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि चष्मा काढून खाली पाहिलं. "मी आज खूप काही बघितलं," ते म्हणाले. "पण मला सगळ्यात काय भावलं असेल, तर ते समोर बसलेले काका. कुठलं पद नाही, कुठली अपेक्षा नाही. अशा सामान्य कार्यकर्त्यावर पक्ष उभा असतो." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "नाव काय हो त्यांचं?"

"विश्वनाथ दादू डुबल," मी सांगितलं.

साहेब माईकमध्ये म्हणाले, "मी प्रदेशाध्यक्ष या नात्याने श्री. विश्वनाथ डुबल यांची तालुका सहसंघटक म्हणून नेमणूक जाहीर करतो. त्यांनी सन्मानाने व्यासपीठावर यावं."

व्यासपीठाने टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या. शिवलिंगरावांनीही वाजवल्या. हात सुरू झाल्यावर एकेकाच्या लक्षात यायला लागलं आणि टाळ्या तुकड्या-तुकड्यांनी थांबल्या. सर्वांत शेवटपर्यंत खरे सहसंघटक वाजवत होते, आपलं पद दुसऱ्याला गेलं हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

नाना उभे राहिले. पायऱ्यांकडे गेले नाहीत. होते तिथूनच बोलले.

"साहेब, पद नको. एक इचारायचं हाय."

"विचारा ना काका."

"मोट ऱ्हानार का यंत्रावर?"

साहेबांनी शिवलिंगरावांकडे पाहिलं. शिवलिंगरावांनी छताकडे पाहिलं. "काका, मी तेच सांगत होतो," साहेब म्हणाले. "मोठ्या ध्येयासाठी थोडा त्याग करावा लागतो. ही जागा आपण मित्रपक्षाला सोडली आहे. काल मुंबईत ठरलं."

"काल?"

"काल संध्याकाळी."

"मग आज आलासा कशाला?"

"सांगायला," साहेब म्हणाले. "लोकांना विश्वासात घ्यायला नको का?"

नाना मागे वळले. त्यांनी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग पुन्हा तोंड वर करून त्यांनी विचारलं, "कुनाला?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. साहेबांनी माईकवर हात ठेवला आणि मला विचारलं, "कोण आहेत हे?"

"आमचे तालुकाध्यक्ष," मी म्हटलं.

"मग खाली काय करतायत?"

"सभा ऐकतायत, साहेब."

साहेब चांगले होते, वाईट नव्हते. त्यांचा चेहरा पडला. पण त्यांना पुढच्या तालुक्यात जायचं होतं. सेक्रेटरीने घड्याळ दाखवलं आणि त्यांनी मला आभार मानायची खूण केली. आभार म्हणजे पुन्हा तीच चाळीस नावं. मी माईक तोंडाशी नेला आणि मला रडू फुटलं. भर सभेत, कर्ण्यातून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं. कोथिंबिरीचा भाव करणारी माणसं त्या दिवशी पहिल्यांदा थांबून मंडपाकडे बघायला लागली. मी कसंबसं म्हटलं, "आजची सभा ऐकायला आल्याबद्दल विश्वनाथ दादू डुबल यांचे आभार. जय हिंद." आणि माईक बंद केला.

त्याचा परिणाम काय होणार हे मला ठाऊक होतं. पुढच्या बाजाराच्या आत निम्मं व्यासपीठ पक्ष सोडून गेलं. आभारात नाव न घेऊन आमचा जाहीर अपमान केला, हे कारण त्यांनी पत्रकारांना दिलं. कुणी या पक्षात गेलं, कुणी त्या. उरलेल्यांना वाटलं की आता आपण राहिलो तर आपली किंमत काय, म्हणून तेही गेले. कौसल्यावहिनी गेल्या तेव्हा महिला आघाडी एकमताने गेली असं छापून आलं. कांद्याचा म्हातारा तेवढा शाल परत करायला आला होता. मला हे पद झेपायचं नाही, म्हणाला. नानांनी शाल त्यालाच ठेवून घ्यायला लावली.

मी नानांची माफी मागितली. माझ्यामुळे होतं ते गेलं, असं म्हटलं. ते म्हणाले, तसं नाही, ते उठायला निमित्तच बघत होते, तू फक्त आधी उठवलंस.

मग मतदानाचा दिवस आला. आमचं केंद्र जुन्या मराठी शाळेत. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी, दोन्ही रांगा व्हरांडाभर. मी दाराशी पोचले होते तेव्हा नाना आत होते, पुठ्ठ्याच्या आडोशामागे. मतदान यंत्राची शिट्टी काही वाजत नव्हती. रांग चुळबुळायला लागली. भिंतीशी बाकावर वेगवेगळ्या पक्षांचे प्रतिनिधी बसले होते, पाचजण, आणि पाचहीजण कधीकाळी मोटेतलेच. त्यात शिवलिंग तोडकरही होते, नव्या पक्षाचा बिल्ला खिशात घालून.

केंद्रावरचा अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातला, मिसरूड फुटलेला पोरगा. त्याने बसल्या जागेवरून विचारलं, "आजोबा, काही अडचण आहे का?"

"चिन्ह घावंना," आतून नाना म्हणाले.

"कुठलं हवंय?"

"मोट."

पोराने हातातला उमेदवारांचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्याने अगदी सरळपणे विचारलं, "मोट म्हणजे काय?"

मग नाना बाहेर आले. त्यांनी त्या पोराला सांगायला सुरुवात केली. विहिरीतनं पाणी काढायची कातड्याची मोठी पिशवी असते. तिला नाडा बांधायचा, नाडा बैलांच्या खांद्याला. विहिरीच्या काठापासून उतरती वाट करायची, ती धाव. बैल धावेवरनं खाली गेले की मोट वर येते, आणि काठावरच्या दगडी कुंडात, थारोळ्यात, पाणी असं धबाधबा पडतं. पहाटे मोटेवर बसून बाप गायचा, तर तीन शेतं पलीकडची बाई चूल पेटवायची, एवढा आवाज. एका मोटेवर चार घरं जगायची, आणि ज्याची पाळी त्याने हाकायची. कुणी म्हणायचं नाही, मी फक्त काठावर बसणार.

मतदान केंद्रात चिन्हाविषयी बोलायची मनाई असते. हरकत घ्यायचा हक्क बाकावरच्या पाचहीजणांना होता. कुणी घेतली नाही. शिवलिंगराव मान खाली घालून ऐकत होते. अधिकाऱ्याने लिहिणं थांबवलं होतं. दोन्ही रांगा गप्प झाल्या, मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून डोकावायला लागले. शंभराच्या वर माणसं असतील. रांग सोडली तर नंबर जाणार, म्हणून कुणाला हलताही येत नव्हतं, पण मला नाही वाटत कुणाला हलायचं होतं.

सांगून झाल्यावर नाना पुन्हा आडोशामागे गेले आणि या वेळी शिट्टी लगेच वाजली. कुणाला दिलं ते मी कधी विचारलं नाही.

मी मत देऊन बाहेर आले तर ते शाळेच्या पायरीवर बसले होते, चपला घालत. थकलेले दिसत होते, पण चेहरा मोकळा होता. मी शेजारी टेकले. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "माईक नव्हता. आवाज मागपातूर गेला का गं?"

"गेला नाना," मी म्हटलं. "फाटकातल्या पोलिसापर्यंत गेला."

"मग सभा झाली म्हनायची," नाना म्हणाले.